पहिल्याच लिंकवर बोट का जातं? गुगलचं पान आपण खरंच कसं वाचतो

घरात २०१५ ची ॲक्टिव्हा आहे. नंबर एमएच ०५ ने सुरू होतो, म्हणजे कल्याण आरटीओ. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं आणि बाबांनी ते काम नेहमीप्रमाणे घरातल्या सगळ्यात लहान माणसावर, म्हणजे तुमच्यावर, ढकललं. ‘बघ जरा, गुगलवर असेल.’ डोंबिवली स्टेशनात गाडीची वाट बघत तुम्ही फोन काढता, ‘एचएसआरपी कल्याण’ टाकता, पान उघडतं आणि बोट एका लिंकवर पडतं.

पान उघडणं आणि बोट पडणं यात किती वेळ गेला? काही सेकंद. तेवढ्यात तुम्ही ते पान ‘वाचलं’ असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात वरचा तुकडा पाहिला, दोन-तीन ठळक शब्द ओळखीचे वाटले आणि निर्णय झाला. बहुतेक वेळा याने काही बिघडत नाही. मिसळीचं दुकान कुठे आहे एवढंच बघायचं असेल तर चालून जातं. पण पुढच्या पानावर गाडीचा नंबर, चेसिस नंबर आणि यूपीआयचा पिन द्यायचा असेल तर हे काही सेकंद महागात पडू शकतात. एचएसआरपीच्या बाबतीत अनेकांना ते पडलेही. त्याकडे येऊच, आधी डोळ्यांचं बघू.

डोळे नक्की कुठे फिरतात?

माणूस पडद्यावर नेमकं कुठे बघतोय हे कॅमेऱ्याने टिपता येतं. त्याला आय-ट्रॅकिंग म्हणतात. २००५ मध्ये एन्क्वायरो, डिड-इट आणि आयटूल्स या कंपन्यांनी मिळून गुगलच्या पानावर असा अभ्यास केला. लोकांची नजर पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एका त्रिकोणात गोळा झालेली दिसली आणि त्या जागेला ‘सोनेरी त्रिकोण’ असं नाव पडलं. पुढच्याच वर्षी जेकब निल्सन यांनी २३२ जणांवर केलेला अभ्यास मांडला. त्यात वेब पानांवर नजर इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी फिरते असं निघालं. वरची एक ओळ आडवी वाचायची, थोडं खाली येऊन दुसरी अर्धवट वाचायची आणि मग डाव्या कडेने सरळ खाली उतरायचं.

हे झालं कुठे बघतो याचं. पण मला जास्त रंजक वाटतो तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला प्रयोग. थॉर्स्टन जोआकिम्स, लॉरा ग्रँका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४-०५ च्या सुमारास विद्यार्थ्यांना गुगलवर शोधायला बसवलं आणि त्यांची नजर मोजली. पहिल्या आणि दुसऱ्या रिझल्टवर नजर जवळपास सारखाच वेळ टिकत होती. पण क्लिक मात्र पहिल्यावरच कितीतरी जास्त. मग कदाचित पहिला रिझल्ट खरंच चांगला असेल? हे तपासायला त्यांनी एक साधी गंमत केली. काही जणांना दाखवताना पहिला आणि दुसरा रिझल्ट गुपचूप अदलाबदल केले. गुगलने जो दुसरा ठेवला होता तो आता वर आला. तरीही लोक जास्त करून वरच्यावरच क्लिक करत राहिले.

म्हणजे मजकूर बघून निवड होतेच, पण जागेचा भाव वेगळा असतो. संशोधक याला ‘ट्रस्ट बायस’ म्हणतात. ‘गुगलने वर ठेवलंय म्हणजे बरोबरच असणार’ हा विश्वास.

हा विश्वास अगदीच वेडेपणाचा नाही. डोंबिवलीत स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत आपण पहिल्या रिक्षात बसतो. ती सगळ्यात चांगली म्हणून नाही, तर रांगेचा नियम तसा आहे म्हणून, आणि नियमावर आपला भरवसा आहे म्हणून. फरक एवढाच की रिक्षाची रांग कशी लागली हे आपल्याला डोळ्यांसमोर दिसतं. गुगलची रांग कोणी, कशी लावली हे दिसत नाही. त्या रांगेत काही जण पैसे देऊन पुढे उभे असतात हेही घाईत लक्षात येत नाही.

फोनवर पान आणखी छोटं होतं

वरचे सगळे अभ्यास कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावरचे. आपण शोधतो फोनवर, आणि तेही उभ्याने, एका हातात हँडल धरून. फोनवर ‘एफ’ काढायला जागाच नाही. गुगलच्याच संशोधकांनी २०१४ मध्ये मोबाइलवरच्या शोधाचा आय-ट्रॅकिंग अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांचं लक्ष सरासरीने फोनच्या पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागावर असतं असं दिसलं. एखादा रिझल्ट पडद्यावर किती वेळ राहिला यावरून त्याच्याकडे किती वेळ बघितलं हे बऱ्यापैकी ओळखता येतं, असंही निघालं. म्हणजे कॅमेरा नसला तरी तुमच्या स्क्रोलवरून तुमची नजर कुठे होती याचा अंदाज बांधता येतो.

आता आपल्या एचएसआरपीच्या पानाकडे या. कॉम्प्युटरवर एका नजरेत पाच-सहा रिझल्ट मावतात. फोनवर एक किंवा दोन. त्यात वर ‘प्रायोजित’ लिहिलेल्या जाहिराती आल्या तर खरा पहिला रिझल्ट पडद्याच्या बाहेरच. तो बघायला अंगठा हलवावा लागतो. आणि डोळे तर वरच्या अर्ध्या पडद्यावर थांबलेत.

पैसे कमावणाऱ्या कंपनीला हे कळत नसेल असं समजायचं कारण नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुगलने कॉम्प्युटरवर उजव्या बाजूच्या जाहिराती काढून टाकल्या आणि खरेदीशी संबंधित शोधांना वर चारपर्यंत जाहिराती दाखवायला सुरुवात केली. पूर्वी जाहिरातींच्या मागे वेगळा रंग असायचा. २०१३ च्या सुमारास तो जाऊन पिवळी चिठ्ठी आली, २०१६ मध्ये ती हिरवी झाली, २०१७ मध्ये नुसती हिरवी चौकट उरली, २०२० मध्ये काळं अक्षर. २०२२ पासून मोबाइलवर ‘प्रायोजित’ हा शब्द दिसतो. हा क्रम एकामागोमाग ठेवून बघितला तर जाहिरात हळूहळू साध्या रिझल्टच्या कपड्यात कशी आली ते दिसतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गुगलने या जाहिराती एका मथळ्याखाली गोळा करून त्या मिटवायचं बटणही दिलं. बटण आहे जाहिरातींच्या खाली. म्हणजे आधी त्या बघा, मग लपवा!

एचएसआरपीचा घोळ

या नंबर प्लेटच्या बाबतीत काय झालं ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण नेहमीचा सल्ला इथे अपुरा पडतो.

आपल्याला सांगितलं जातं की सरकारी काम असेल तर पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ बघा. बरोबरच आहे. हा शेवट फक्त सरकारी संस्थांना मिळतो. ‘डॉट इन’, ‘डॉट कॉम’, ‘डॉट ओआरजी डॉट इन’ हे मात्र कोणीही थोड्या पैशात विकत घेऊ शकतं. आणि पत्ता वाचायचा तो उजवीकडून डावीकडे, कारण मालक शेवटी असतो. नावात सुरुवातीला ‘महा’, ‘परिवहन’, ‘गव्ह’ असे कितीही शब्द घातले तरी शेवट ‘डॉट कॉम’ असेल तर ते सरकारी नव्हे.

पण एचएसआरपीचं काम परिवहन विभागाने राज्याचे तीन विभाग पाडून तीन खासगी कंपन्यांना दिलं. तुमचा आरटीओ ज्या विभागात येतो त्या कंपनीच्या संकेतस्थळावर बुकिंग करायचं. आणि या कंपन्यांची खरी, अधिकृत संकेतस्थळं ‘गव्ह डॉट इन’ ने संपत नाहीत! त्यामुळे खरं आणि खोटं शेजारीशेजारी ठेवलं तर नावावरून ओळखणं जवळजवळ अशक्य. बनावट पानं उभी करणाऱ्यांना याहून सोयीचं काय असणार. लाखो गाड्या, जवळ येणारी मुदत (ती पुढे अनेकदा वाढली ही गोष्ट वेगळी), दंडाची भीती आणि गुगलवर घाईने शोधणारी माणसं. परिवहन विभागाला लोकांना सावध करावं लागलं.

अशा वेळी नाव बघू नका, वाट बघा. म्हणजे गुगलवरून थेट बुकिंगच्या पानावर उडी मारायची नाही. आधी परिवहन विभागाचं संकेतस्थळ उघडायचं, ते ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ ने संपतं. तिथे एचएसआरपीच्या विभागात जाऊन आपला आरटीओ निवडायचा. ठाणेकरांना एमएच ०४, कल्याण-डोंबिवलीकरांना एमएच ०५. तिथून जी लिंक पुढे नेईल ती खरी. दोन टप्पे जास्त, पण दारातून आत गेलो तर घर चुकत नाही. दुसरी खूण दराची. सरकारने ठरवलेला दर दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. यापेक्षा भलतीच रक्कम दिसली, किंवा पैसे एखाद्या व्यक्तीच्या नावाच्या यूपीआय खात्यात जाताना दिसले, की तिथेच थांबायचं.

हीच गोष्ट जन्म दाखल्याची, पासपोर्टची, पॅनची. पासपोर्टचं तर सोपं आहे, अर्ज फक्त पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा त्यांच्या अधिकृत ॲपवर होतो. तरीही ‘पासपोर्ट ठाणे’ शोधल्यावर एजंटांची पानं समोर येतात. एजंट असणं हा गुन्हा नाही, पण आपण एजंटकडे चाललोय की कार्यालयात हे बोट पडण्याआधी कळलेलं बरं.

क्लिकसुद्धा करावं लागत नाही

लिंकवर गेलो तर निदान पुढचं पान तरी दिसतं. फोन नंबर शोधताना तेही होत नाही. ‘अमुक बँक कस्टमर केअर’ टाकलं, वर नकाशाची चौकट आली, त्यात ‘कॉल’ असं बटण, दाबलं की फोन लागला. पलीकडचा माणूस कोण हे तपासायची जागाच या रचनेत नाही.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्रात हेच उघडकीला आलं. गुगल मॅप्सवर कोणत्याही ठिकाणाच्या माहितीत बदल सुचवता येतो. दुकानाची वेळ बदलली, नंबर बदलला तर लोकांनीच दुरुस्त करावं, हा चांगला हेतू. भामट्यांनी तिथे बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे फोन नंबर काढून स्वतःचे घातले. ग्राहक बँकेला फोन करतोय या समजुतीत भामट्यालाच फोन करायचा आणि तो कार्डाची माहिती, पिन विचारून घ्यायचा. बँकेने महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे तक्रारी केल्या, पोलिसांनी गुगलला कळवलं.

या फसवणुकीत एक मानसिक गंमत आहे. एरवी भामटा आपल्याला फोन करतो आणि आपण सावध असतो. इथे फोन आपण केलेला असतो. आपणच शोधलेला नंबर, म्हणून संशय येत नाही. वर सांगितलेला ट्रस्ट बायस इथे पहिल्या लिंकवरून सरळ फोनवरच्या आवाजावर सरकतो.

बँकेचा नंबर हवा असेल तर तो कार्डाच्या मागे छापलेला असतो, पासबुकात असतो, बँकेच्या ॲपमध्ये असतो. गुगलची गरजच नाही. संकेतस्थळावरूनच घ्यायचा असेल तर आता एक सोपी खूण आली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाकडे हलवायला सांगितलं. हा शेवट बँकांशिवाय कोणाला मिळत नाही. घरात आजी-आजोबांना हे एक दाखवून ठेवा. आणि पैसे गेलेच तर नातेवाइकांना विचारत बसण्याआधी १९३० ला फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी ते पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

तुम्ही काय टाकता, त्यावर पान ठरतं

इंग्रजीत नुसतं ‘कल्याण’ टाकून बघा. स्टेशन, महापालिका, दुर्गाडी किल्ला येतीलच, पण त्यांच्या गर्दीत कल्याण ज्वेलर्स येईल, ज्याचा आपल्या कल्याणशी काही संबंध नाही. ती केरळातल्या त्रिशूरची कंपनी. खाली सुचवलेल्या शोधांमध्ये मटक्याचे ‘चार्ट’ आणि ‘पॅनेल’ डोकावले तर दचकू नका. तो ‘कल्याण’ शहराचा नाहीच, १९६२ मध्ये वरळीत मटका सुरू करणाऱ्या कल्याणजी भगत यांच्या नावावरून आलेला आहे. मटका बेकायदेशीर आहे आणि त्या पानांवर जाण्यात शहाणपण नाही, पण आपल्या शहराचं नाव टाकल्यावर ते समोर का येतात याचं उत्तर हे आहे. ठाण्याचीही तीच तऱ्हा. परदेशातल्या फोनवर इंग्रजीत ‘ठाणे’ टाकलं तर शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ मधली स्कॉटिश पदवी समोर येऊ शकते, स्पेलिंग तेच.

मशीनला तुमच्या मनातलं कळत नाही, ते अंदाज बांधतं. आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये शोधांचे तीन प्रकार सांगितले होते आणि ते अजूनही कामाला येतात. एक, ठरलेल्या जागी जायचं असतं (‘मामलेदार मिसळ ठाणे’). दोन, काही जाणून घ्यायचं असतं (‘मिसळ तिखट का लागते’). तीन, काही करायचं असतं (‘मिसळ ऑर्डर’). पहिल्या प्रकारात पहिल्या लिंकवर विसंबणं ठीक, कारण बरोबर उत्तर एकच असतं. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे जिथे पैसे खर्च होणार तिथे, जाहिरातदार सगळ्यात जास्त बोली लावतात. म्हणून ‘एचएसआरपी बुकिंग’ आणि ‘परिवहन विभाग महाराष्ट्र’ या दोन शोधांची पानं इतकी वेगळी दिसतात. काम एकच, पण पहिल्या शोधात तुमचं पाकीट दिसतं.

आणि मराठीचा प्रश्न. आपण बोलतो एक आणि सरकारी पान लिहितं भलतंच. आपण म्हणतो रेशन कार्ड, पान म्हणतं शिधापत्रिका. आपण डोमिसाइल, ते अधिवास प्रमाणपत्र. घरपट्टी म्हणून शोधाल तर महापालिकेच्या पानावर शब्द असतो मालमत्ता कर. गुगल हे शब्द बऱ्याचदा जुळवून घेतं, पण दरवेळी नाही. मग जो बोलीतला शब्द वापरून पान लिहितो तो वर येतो, आणि असं पान बहुतेक वेळा एखाद्या यूट्यूबरचं किंवा ‘संपूर्ण माहिती मराठीत’ छापाच्या साइटचं असतं. त्यात वाईट काही नाही, आम्हीही त्यातलेच! पण अर्ज करायच्या वेळी सरकारी शब्द टाकून एकदा शोधून बघा, पान बदललेलं दिसेल. बोलून शोधलं तरी चालतं. गुगलचा मराठी आवाजी शोध २०१७ पासून आहे आणि ‘अधिवास’ टाइप करण्यापेक्षा म्हणणं सोपं जातं.

जागेचाही परिणाम होतो. ‘जवळचं झेरॉक्स’ ठाण्यात शोधलं आणि दिव्यात शोधलं तर नकाशाच्या चौकटीतली दुकानं वेगळी. चौकटीत दिसतात साधारण तीनच, २०१५ पर्यंत सात दिसायची. गल्लीतल्या चौथ्या दुकानदाराला यात काय वाटत असेल ते त्यालाच विचारा. पानाच्या अगदी तळाशी गुगलला तुम्ही कुठे आहात असं वाटतं ते लिहिलेलं असतं. कधीतरी बघा. डोंबिवलीत बसून तिथे भलत्याच शहराचं नाव दिसलं तर रिझल्ट विचित्र का आले ते कळतं.

तुमचं बोट परत पानावर येतं

कॉर्नेलच्या प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग आता. लोक वरच्यावर क्लिक करतात कारण ते वर आहे. पण सर्च इंजिन त्या क्लिककडे कसं बघतं? ‘लोकांना हे आवडलं’ असं धरलं तर ते आणखी वर ठेवावंसं वाटेल. मग त्यावर आणखी क्लिक. जोआकिम्स यांच्या अभ्यासाचा मुद्दाच हा होता की क्लिक म्हणजे शुद्ध मत नव्हे, त्यातून जागेचा प्रभाव वजा करायला हवा.

गुगल क्लिक वापरतं की नाही यावर बरीच वर्षं गूढ होतं. अमेरिकन सरकारने गुगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात २०२३ मध्ये गुगलचे सर्च विभागाचे उपाध्यक्ष पांडू नायक यांची साक्ष झाली आणि ‘नॅवबूस्ट’ नावाच्या यंत्रणेबद्दल जाहीरपणे कळलं. ती मागच्या १३ महिन्यांच्या क्लिकची माहिती वापरते. रिझल्ट कुठला वर जावा हे ठरवणाऱ्या अनेक गोष्टींपैकी ही एक महत्त्वाची. त्याच खटल्यात ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकवल्याचा निकाल दिला. आपल्याकडे त्याआधीच, फेब्रुवारी २०१८ मध्ये, भारतीय स्पर्धा आयोगाने सर्चच्या पानावर स्वतःच्या सेवांना झुकतं माप दिल्याबद्दल गुगलला सुमारे १३६ कोटींचा दंड केला होता. म्हणजे पानावर कोण कुठे बसतं हा फक्त तंत्राचा विषय राहिलेला नाही.

आणि आता क्लिकच नको

‘डोंबिवली ते ठाणे किती किलोमीटर’, ‘आज सूर्यास्त किती वाजता’ असले प्रश्न विचारून आपण उत्तर वाचतो आणि फोन खिशात टाकतो. कुठेच क्लिक नाही. २००९ मध्येच गुगलच्या संशोधकांनी याला ‘चांगला त्याग’ म्हटलं होतं, कारण माणूस समाधानी होऊन निघून जातो. आज हे अपवादाचं राहिलेलं नाही. स्पार्कटोरोच्या २०२४ च्या अभ्यासात अमेरिकेत आणि युरोपात गुगलवरचे दर शंभरात जवळपास साठ शोध कुठेही क्लिक न होता संपतात असं दिसलं.

त्यात एआयने लिहिलेलं उत्तर आलं. भारतात ते ऑगस्ट २०२४ पासून इंग्रजी आणि हिंदीत दिसू लागलं. प्यू रिसर्चने मार्च २०२५ मधलं अमेरिकेतल्या सुमारे ९०० जणांचं वापराचं वर्तन तपासलं. एआयचं उत्तर असलेल्या पानांवर साध्या लिंकवर क्लिक झालं शंभरात ८ वेळा, ते नसलेल्या पानांवर १५ वेळा. आणि त्या उत्तराच्या आत दिलेल्या लिंकवर? शंभरात एकदा. म्हणजे उत्तर कुठून आलं हे शंभरातले नव्व्याण्णव वेळा कोणी उघडून बघत नाही.

पहिल्या लिंकवरचा विश्वास निदान एका पानावरचा होता, त्याला मालक होता. इथे दहा पानांतून शिवलेलं उत्तर वरच्या अर्ध्या पडद्यावर बसतं, नेमकं जिथे नजर असते तिथे. ज्या गोष्टी वर्षानुवर्षं बदलत नाहीत त्यांच्यासाठी हे बरं. पण लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक घ्या. दर रविवारी मार्ग वेगळा, वेळ वेगळी, बातमीचा मथळा मात्र जवळजवळ तोच. ‘मेगाब्लॉक ठाणे कल्याण’ टाकल्यावर वर आलेला तुकडा या रविवारचा आहे की मागच्या महिन्यातला हे तारखेशिवाय कळायला मार्ग नाही, आणि तारीख असते बारीक, करड्या अक्षरात. अशा शोधाला शब्दांमध्ये तारीख घाला, ‘मेगाब्लॉक’ च्या पुढे दिवस आणि महिना. किंवा वरच्या पट्टीत ‘बातम्या’ वर जा, तिथे प्रत्येक रिझल्टशेजारी तो किती तासांपूर्वीचा आहे ते दिसतं. कुठल्याही रिझल्टशेजारचे तीन ठिपके दाबले तर त्या साइटबद्दलची थोडी माहिती उघडते, आणि जाहिरात असेल तर ती कोणी दिली त्याचं नाव. लिंक न उघडता हे बघता येतं, आणि वेळ लागतो तेवढाच, गाडीचा इंडिकेटर बदलेपर्यंतचा.